काचेतली नदी: मुरी मासा, मोहाची पेंड आणि गोंदियाचं पाणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तसाच आहे, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजची गोष्ट एका बारक्या माशाची आहे. बोटाएवढा लांब, तोंडाजवळ मिशा, दिवसभर दगडाखाली किंवा वाळूत तोंड खुपसून बसणारा. इंग्रजीत याला लोच म्हणतात. आपल्याकडे दख्खनच्या नद्यांवर यातल्या काहींना मुरी म्हणतात. या माशामुळे माझी एक रात्र फार वाईट गेली होती, तिथूनच सुरुवात करतो.

मे महिना. गोंदियाचा मे काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. दुपारी पारा ४४ वर. माझ्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी, आणि तीत मी महिनाभर खपून बसवलेली "नदी". गोल गोटे, बारीक वाळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत धावणारं पाणी. त्यात सहा पट्टेरी लोच. दुकानातून आणले होते, पैसे साठवून. रात्री वीज गेली. अर्ध्या तासात येईल म्हणून मी गच्चीवर जाऊन झोपलो. पहाटे खाली आलो तर चार मासे गेलेले. दोन पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून तडफडत होते.

सकाळी मागच्या आळीतले एक आजोबा आले. ढिवर समाजातले, उभा जन्म जाळं टाकण्यात गेलेला. त्यांनी टाकीकडे बघितलं, मेलेल्या माशांकडे बघितलं आणि विचारलं, "पैसे देऊन आणलं का गा हे?" मी हो म्हटलं. आजोबा म्हणाले, "आमी तर असे जाळ्यातून झटकून फेकत होतो."

मला आधी राग आला. मग वाटलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं? एकच मासा इथे फेकायचा आणि तिथे विकत घ्यायचा. हे कोण ठरवतं? त्या प्रश्नामागे लागलो आणि जवळजवळ दोनशे वर्षं मागे गेलो. चला.

पहिला थांबा, १८२२. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर. कंपनी सरकारसाठी त्याने १८०७ ते १८१४ या काळात बंगाल प्रांताची पाहणी केली. जिथे जाईल तिथे मासे गोळा करायचा, भारतीय चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घ्यायचा. १८२२ मध्ये त्याने गंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या माशांवर पुस्तक काढलं, सुमारे २७० जातींचं. त्यात लोच भरपूर आहेत. गंमत म्हणजे त्याने माशांना दिलेली कितीतरी शास्त्रीय नावं तिथल्या लोकांच्याच तोंडची होती. "बोटिया" हा आज जगभरच्या माशांच्या दुकानांत चालणारा शब्द त्याच पुस्तकातून पुढे आला.

दुसरा थांबा आपल्या घरचा. विल्यम हेन्री साइक्स, मुंबई सरकारचा अधिकारी. दख्खनची आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम. पण माणूस चौकस. पक्षी, प्राणी, मासे, सगळं टिपून ठेवायचा. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात एका लोचचं नाव आहे "कोबायटिस मूरेह". मूरेह म्हणजे काय? आपली मुरी! कोळ्यांच्या तोंडून ऐकलेला मराठी शब्द त्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवला आणि पुढे लॅटिनच्या पंगतीला नेऊन ठेवला. कूळ बदललं, आज हा मासा "पॅराकँथोकोबायटिस मूरेह" म्हणून ओळखला जातो. पण मागचा मूरेह कायम आहे. जपानमधला संशोधक असो की जर्मनीतला, या माशाचं नाव घ्यायचं तर त्याला मराठी बोलावं लागतं.

त्या दोघांनी नावं लिहून घेतली, पण नावं सांगणारे कोण होते? जाळं टाकणारी माणसं. त्यांची स्वतःची नावं कुठल्याच पुस्तकात आली नाहीत. आजोबांचं "आमी फेकत होतो" ऐकल्यावर मला हे जास्त टोचलं. फेकत असले तरी ओळखत होते ना! ओळखत होते म्हणून तर वेगळा काढून फेकत होते.

आता काचेची टाकी कुठून आली ते बघू, कारण माझे मासे कशामुळे मेले याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

१८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढून टाकला. काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने आपला एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, थोडी वालिसनेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगाई. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, गोगलगाई कुजलेली पानं खातात. पाणी न बदलता सगळं चालू राहतं. ही वालिसनेरिया, पट्टीसारख्या लांब पानांची, आपल्या तलावांतही वाढते बरं का. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं पहिलं सार्वजनिक दालन उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाचं पुस्तक आलं आणि "अ‍ॅक्वेरियम" हा शब्द घरोघरी गेला. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते १९५१ साली.

पण वॉरिंग्टनच्या भांड्याकडे नीट बघा. ते तळं आहे, थांबलेलं पाणी. घरगुती टाकीची सगळी कल्पनाच तळ्यावरून आली. मग जो मासा तळ्याचा नाहीच, धावत्या पाण्याचा आहे, त्याचं काय?

इथे येतात सुंदरलाल होरा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे १९४७ पासूनचे संचालक. पण त्याआधी पंचवीसेक वर्षं ते डोंगरी ओढ्यांतल्या माशांच्या मागे होते. धबधब्याखाली, खळखळाटात हे मासे वाहून का जात नाहीत? होरांनी दाखवलं की त्यांचं पोट सपाट झालेलं असतं, जोडीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरतात, आणि खालच्या बाजूला दगडाला धरून ठेवणारी गादीसारखी कातडी असते. आपण पावसाळ्यात निसरड्या रपट्यावर पाय पसरून उभे राहतो ना, तसंच.

होरांनी आणखी एक कोडं मांडलं. असे मासे ईशान्य भारतात आणि त्यापलीकडे मलायाकडे आहेत, आणि इकडे सह्याद्रीतही आहेत. मधे हजारो किलोमीटर. मग पोचले कसे? १९४०च्या दशकात त्यांनी उत्तर दिलं: सातपुडा. कधीकाळी विंध्य-सातपुड्याची रांग जास्त ओली, जास्त उंच आणि सलग असणार, आणि त्या रांगेतल्या ओढ्या-ओढ्यांतून मासे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेकडे सरकत गेले. याला सातपुडा सिद्धांत म्हणतात. १९४९ मध्ये यावर शास्त्रज्ञांचा परिसंवादही झाला. आज डीएनए तपासणारे अभ्यासक म्हणतात की सगळ्याच प्राण्यांना हा एकच रस्ता लागू पडत नाही, काही फार आधीच वेगळे झाले असावेत. वाद चालू आहे.

पण नकाशा काढा. सातपुड्याची पूर्वेकडची टोकं, मैकलच्या टेकड्या, आणि त्यांच्या पायथ्याशी कोण? आपण! वैनगंगा सातपुड्यातच, सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून आपल्या सीमेवर येते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. सालेकशाकडे दरेकसाचा हाजरा फॉल तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा बघितलाय. पुढच्या वेळी तिथे सेल्फी काढताना एवढं आठवा की जगातल्या मोठ्या जीवशास्त्रज्ञांनी ज्या रस्त्यावरून भांडण केलं, त्या रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात.

बरं, माझी टाकी. लोच पाळणाऱ्या लोकांनी धावत्या पाण्याचा प्रश्न सोडवला तो प्लंबरच्या सामानाने. मार्टिन थोएन या शौकिनाने ही रचना लोकांपुढे मांडली आणि ती जगभर पसरली. तत्त्व सोपं आहे. टाकीच्या तळाशी पीव्हीसी पाइप लांबीला टाकायचे, त्यावर गोटे-वाळू. पाइपच्या एका टोकाला स्पंज, तिथून पाणी आत शिरतं. दुसऱ्या टोकाला उभे पाइप आणि त्यावर छोटे मोटरपंप. पंप पाइपमधून पाणी ओढतात आणि टाकीच्या लांबीला स्पंजाच्या दिशेने सोडतात. म्हणजे वरून पाणी एका दिशेने वाहतं आणि जमिनीखालून परत येतं. गोल गोल फिरत नाही, वाहतं.

माझी टाकी ३६ बाय १५ बाय १५ इंचांची. भरून १३० लिटर, पण दगड-वाळू टाकल्यावर पाणी शंभरच्या आसपास. अशा टाकीत तासाला एकूण पाण्याच्या दहा ते वीस पट प्रवाह हवा, म्हणजे हजार ते दोन हजार लिटर. हार्डवेअरच्या दुकानात टी, एल्बो मागितले तर दुकानदाराने विचारलं, "बाथरूम का?" म्हटलं, "नाही, नदी." त्याने पुढे काही विचारलं नाही.

वाळू बारीक आणि गोल कणांची घेतली, कारण लोच मिशांनी तळ चाचपतो, टोकदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. दगडांवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघितले. फेस आला तर चुन्याचा दगड, तो पाणी जड करतो, बाहेर. टाकीला झाकण, कारण हे मासे उडी मारतात. आणि मासे आणण्याआधी महिनाभर टाकी तशीच चालवली, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू स्पंजात आणि दगडांवर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई करणारे इथेच मार खातात.

मी घाई केली नव्हती. मग चुकलं कुठे?

गणित असं. २० अंशाच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३० अंशाला साडेसात. आणखी तापलं की आणखी कमी. उलट गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. त्यात माझे मासे धावत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्याची सवय असलेले. जोवर पंप चालू, तोवर पाण्याचा वरचा थर सतत हलत राहतो आणि हवा मिसळते. पंप बंद पडला, पाणी थांबलं, आणि माझी नदी एका क्षणात डबकं झाली. तेही मे महिन्यातलं, तापलेलं डबकं.

हे सगळं आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "नदी तर मे महिन्यात थांबतेच. नाल्यात डोह उरते फक्त. मग तिथले मासे काहून मरत नाई?"

मंडळी, मी गप्प झालो. एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. मी परदेशातल्या बारमाही ओढ्याची नक्कल करत होतो. आपला नाला पावसाळ्यात फोफावतो, हिवाळ्यात खळखळतो आणि उन्हाळ्यात डोहापुरता उरतो. इथले लोच त्यासाठीच घडलेत. १८०८ मध्येच पॉल एर्मान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने युरोपातल्या लोचबद्दल दाखवून दिलं होतं की तो तोंडाने हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. आपल्या चिखलातले, वाळूतले काही लोचही हेच करतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि परत तळाशी. युरोपातला तो मासा वादळाआधी अस्वस्थ होतो म्हणून लोक त्याला हवामान सांगणारा मासा म्हणत. आपल्याकडे पहिल्या पावसात पाणी बांध्यांमध्ये शिरलं की हे मासे नाल्यातून वर चढतात. रोवणी करणाऱ्या बायांच्या पायांना गुदगुल्या करतात.

आता तो मूळ प्रश्न. फेकायचा मासा का?

आपला जिल्हा तलावांचा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, पण तलाव दोघांचे सारखेच. कोहळी समाजाने बांधलेले. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. मालगुजारी होती तोवर हे तलाव मालगुजाराचे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाठोपाठ १९५७ आलं. ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी यांनी १० जुलैला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली. त्यातून पुढे रोहू, कटला, मृगळ यांचं बीज हवं तेवढं मिळू लागलं. ही फार मोठी गोष्ट होती. लाखो लोकांच्या ताटात मासा आला. ते मी कमी लेखत नाही.

पण मत्स्यशेतीच्या शिकवणीत एक शब्द आला: तणमासे. शेतात तण, तसे तळ्यात तणमासे. बाजारात भाव नसलेले, रोहूच्या पिल्लांचं खाणं खाणारे. बारके देशी मासे त्यात गेले, लोचही गेले. आणि तण काढायचं औषध? मोहाची पेंड! हेक्टरला अडीच हजार किलो, मीटरभर खोल पाण्याला. पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांनी विष उतरतं, पेंडीचं खत होतं, मग बीज सोडायचं. ज्या मोहाखाली आपली आजी फुलं वेचायची, त्याच मोहाच्या बियांची पेंड.

आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला काय चाललंय? पट्टेरी लोच, बोटिया स्ट्रायाटा, १९२० मध्ये नारायण राव यांनी वर्णन केलेला, सह्याद्रीतल्या कृष्णेच्या खोऱ्यातला. जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांवर गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी बाहेर गेले, असं एका अभ्यासात निघालं. त्यात हा मासा ठळक होता. माझ्या टाकीत मेलेले चार मासे याच जातीचे. दुकानात मी फक्त भाव विचारला होता. कुठून आले, नदीतून पकडले की पैदास केलेले, हे विचारलं नव्हतं. ती चूक वीज कंपनीच्या माथी मारता येत नाही.

म्हणजे बघा, एकीकडे मासा तण म्हणून मरतो, दुसरीकडे दागिना म्हणून. मधे त्याला फक्त मासा म्हणून ओळखणारी माणसं होती, आणि त्यांना कोणी विचारलंच नाही. अलीकडे थोडं बदलतंय. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजातल्या बाया-माणसांनी मिळून आपल्याकडच्या तलावांत बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणायचं काम चालवलंय. ते वाचल्यावर मला माझी टाकी फार छोटी वाटली, आणि बरंही वाटलं.

आता टाकीचं काय केलं? बंद नाही केली. उरलेले दोन पट्टेरी आहेत अजून. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला, वीज गेली की आपोआप सुरू होतो. झाकण काढून जाळी लावली आणि उन्हाळ्यात वर छोटा पंखा. कूलर थंड करतो त्याच नियमाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. नवे पट्टेरी आणणार नाही.

दुसरी टाकी लावली आहे, आपल्या नाल्याची. जुलैत घरच्या बांधीतून, पाणी आटायला लागलं तेव्हा, आजोबांनी ओंजळीत धरून पाच बारके लोच दिले. त्या टाकीत पावसाळ्यात पंप पूर्ण जोरात, हिवाळ्यात अर्धा, उन्हाळ्यात अगदी हळू. वर्षभर एकसारखी नदी नाही, ऋतूंची नदी. तुम्हीही करा, पण अभयारण्यातून, नवेगाव-नागझिऱ्यातून एकही मासा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि दुकानातून आणलेला मासा कंटाळा आला म्हणून नाल्यात सोडायचा नाही, कधीच.

परवा रात्री आभाळ भरून आलं होतं. टाकीतले पाचही मासे काचेला घासत वर-खाली करायला लागले. आजोबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, बघितलं आणि म्हणाले, "येते पानी. कपडे काढ गा वाळत घातलेले."

वीस मिनिटांत पाऊस आला.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या घरात या बारक्या माशाला काय म्हणतात, ते आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. साइक्सने एक नाव लिहून ठेवलं. बाकीची आपण लिहू.